बचावाची साक्ष

"मी येते साक्षीला," इयातुरा म्हणाली. "त्या माणसानं माझ्या पायाला पट्टी बांधली होती."

अंगणात जमलेल्या गावानं तिच्याकडे माना वळवल्या. कॅप्टन ट्रेगियर सकाळपासून दुभाष्याला घेऊन घसा फोडत होता. लेफ्टनंट इवासेबद्दल चांगलं बोलणारं कुणी, बाई असो की बाप्या, एक तरी आहे का? बेटावरचं युद्ध संपलं होतं, इवासेवर खुनाचा खटला उभा होता आणि हा ऑस्ट्रेलियन कप्तान त्या जपान्याचा वकील म्हणून नेमलेला. उत्तरादाखल पुरुषांनी त्याच्या बुटांजवळ सुपारीच्या लाल पिंका टाकल्या होत्या.

दोर्कासचं डोकं भणाणलं. इयातुरा तिची थोरली नणंद. दीड वर्षापूर्वी जपान्यांनी खंदक खणायला म्हणून गावातली पाच माणसं नेली आणि डोंगरापलीकडच्या मळ्यात गोळ्या घालून पुरली. त्यात दोर्कासचा नवरा अपेलिस होता, म्हणजे इयातुराचा पाठचा भाऊ.

"वन्सं, लाज नाही वाटत?"

"पट्टी बांधली ती बांधली."

"एका चिंधीसाठी भाऊ विकलात!"

इयातुरानं तोंड फिरवलं. ती मुळातच मितभाषी. भाऊ गेल्यापासून तर तोंडात जीभ आहे की नाही अशी.

पुढचे पंधरा दिवस गावानं तिला वाळीत टाकलं. चुलीला निखारा कुणी दिला नाही. तिच्या तारोच्या कंदांच्या वाफ्यात डुकरं सोडली. पोरं मागून ओरडायची, "जपान्याची बायको!" ती लंगडत पाण्याला जायची आणि लंगडत परत यायची.

खटला अडला होता तो एकाच गोष्टीवर. हुकूम इवासेचा होता, असं एका जपानी शिपायानं लिहून दिलं होतं, पण पुढे तो फिरला. डोळ्यांनी पाहिलेलं कुणी नव्हतं. आणि इवासे छातीठोकपणे सांगत होता, "मी त्या गावात कधी पाऊलही टाकलं नाही. तेव्हा मी रबाउल शहरातल्या भुयारी दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होतो." त्यात या म्हातारीनं त्याच्या दयाळूपणाची ग्वाही दिली, की तो सुटल्यातच जमा.

साक्षीच्या दिवशी दोर्कास लष्करी ट्रकमध्ये नणंदेशेजारी जाऊन बसली.

"तू कशाला?"

"तुमचं तोंड काळं होताना बघायला."

कोर्ट म्हणजे पत्र्याची लांबलचक कोठी. आत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. तीन गोरे अधिकारी न्यायाला बसले होते. इयातुरा आत आली तसा इवासे ताठ झाला. त्यानं झुकून वकिलाची बाही ओढली आणि घाईघाईनं काहीतरी पुटपुटला. ट्रेगियरनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. "घाबरू नका. ही आपलीच आहे."

बायबलवर हात ठेवून इयातुरानं शपथ घेतली.

"आरोपीला ओळखता?"

"हो."

"तुमच्याशी कसा वागला?"

"चांगला वागला. पायातून रक्त वाहत होतं माझ्या. गुडघ्यावर बसला, जखम धुतली, स्वतःच्या हातानं पट्टी बांधली. निघताना मूठभर तांदूळ दिला."

दोर्कासनं दात आवळले. तो तांदूळ या बाईच्या घशाखाली उतरला तरी कसा?

ट्रेगियर खुशीत न्यायाधीशांकडे वळला. "दवाखान्यात आलेल्या परक्या बाईशीही हा माणूस असा वागत होता. बाई, दवाखान्यातलीच ना ही गोष्ट?"

"दवाखाना मी बघितलेला नाही."

"मग... कुठली?"

"आमच्या मळ्यातली. खड्ड्याच्या काठावरची."

लिहून घेणाऱ्या कारकुनाचा हात थांबला.

"मला आणखी काही विचारायचं नाही," ट्रेगियर घाईनं म्हणाला.

"मला आहे," मधला न्यायाधीश म्हणाला. "बाई, कोणत्या दिवशी?"

"त्याच दिवशी, साहेब. मी केळींच्या आड तारो खणत होते. यानं माझ्या भावाला आणि त्या चौघांना रांगेत उभं केलं. हात वर केला. हात खाली आला आणि बार झाले. एक गोळी माझ्या घोट्याला चाटून गेली. मी विव्हळले तसा हा आला. मोडक्यातोडक्या आमच्या बोलीत विचारलं, काही पाहिलंस? मी म्हटलं, नाही. मग पट्टी बांधली."

इवासेनं डोळे मिटून घेतले. दोर्कासनं बाक घट्ट धरला.

"दीड वर्ष हे बोलला का नाहीत?" न्यायाधीशाचा आवाज चढला. "सरकारी साहेब दोनदा तुमच्या गावात येऊन गेले!"

"आले होते. दोन्ही वेळा पुरुषांनाच विचारून गेले," इयातुरा म्हणाली, आणि तिनं ट्रेगियरकडे बोट केलं. "बायांना विचारणारे पहिले साहेब हे."