राहिलेली चौकट

“झालं. दिलं तुम्हाला,” बायकोने फोन पान्ह्याच्या नाकासमोर धरला. “आता तरी चहा घ्या.”

पान्ह्याने स्क्रीन दोनदा पाहिली. खूण त्याच्याच फोटोपुढे होती. तरी त्याने हात पुढे केला.

“फोन दे इकडे.”

“आता काय?”

“संध्याकाळी सहापर्यंत मत बदलता येतं. शेवटचं दिलेलं तेवढं धरतात.”

“अगं बाई! म्हणजे माझ्यावर पहारा?” ती हसली आणि फोन देऊन टाकला. “आणि तुमचं झालं का?”

“माझं काय, माझं ठरलेलंच आहे,” म्हणत त्याने तिचा फोन कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

तो मेकॅनिक, म्हणून बस डेपोत त्याला सगळे पान्हाच म्हणत. हात पक्का, पण डोक्यात एक किडा कायमचा वळवळत असे. त्या किड्याचं नाव हिरो. हिरो म्हणजे ड्रायव्हर. लग्नाआधी बायको त्याच्याच बसवर कंडक्टर होती. आता ती तिकीट खिडकीवर बसायची, पण हिरो खिडकीशी थांबून काही बोलला की तिचं हसणं पार वर्कशॉपपर्यंत ऐकू यायचं. पान्ह्याच्या विनोदाला मात्र ती नुसतं “हं” म्हणायची. त्याचा जळफळाट व्हायचा, दुसरं काय!

हिरो दोनदा युनियनचा अध्यक्ष झाला होता. या वेळी पान्हा त्याच्याविरुद्ध उभा राहिला. भाषणात पगारवाढ, सुट्ट्या, नवी हत्यारं, सगळं होतं. खरं कारण एवढंच की एकदा तरी बायकोच्या देखत हिरोला पाडायचं होतं.

मागच्या निवडणुकीत पेटीतून सभासदांपेक्षा जास्त चिठ्ठ्या निघाल्या होत्या, म्हणून यंदा ब्लॉकचेन आली. कॉम्प्युटरवाल्याने सगळ्यांना बसवून समजावलं. प्रत्येक मत आधीच्या मताला साखळीसारखं जोडलं जातं, आणि त्या साखळीची प्रत प्रत्येकाच्या फोनमध्ये असते. त्यामुळे मधली कडी गुपचूप बदलायची सोय नाही. कुणी कुणाला दिलं ते कधीच कळणार नाही. कुणी दिलं आणि कुणी नाही, ते मात्र सहा वाजता सगळ्यांना दिसणार. सभासदाच्या फोटोची चौकट मत दिलं असेल तर हिरवी, नाहीतर करडी. बरोबरी झाली तर जुनाच अध्यक्ष पुढे चालू.

फोटोवरूनही पान्ह्याची चिडचिड झाली होती. हिरोने स्टुडिओत जाऊन, टोपी तिरकी घालून फोटो काढला. मग पान्ह्याने हट्टाने स्वतःच्या लग्नाच्या फोटोतून आपल्यापुरता तुकडा कापून दिला. खांद्यावर बायकोची चार बोटं तेवढी राहिली.

“राहू द्या की,” ती म्हणाली होती. “शोभतात.”

मतदानाच्या दिवशी त्याने रजाच टाकली. दिवसभर फोन कानाला. “मत दिलंस का? अरे दे बाबा, जेवण नंतर कर.” पाचच्या सुमाराला आकडा आला. त्र्याऐंशीपैकी ब्याऐंशी मतं पडली होती. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात हिरो उभा होता, हातात फोन घेऊन.

“या या, भाऊजी!” बायकोचा चेहरा खुलला. पान्ह्याच्या पोटात दुखलं.

आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. राहिलेलं मत याचंच! मीटिंग असो की कुणाचं लग्न, हा बेटा नेहमी शेवटी उगवणार आणि सगळ्यांच्या माना वळवून घेणार. आता मतही शेवटी देणार, आणि तेही माझ्या घरात बसून, हिच्यासमोर! थांब, तुला दाखवतो.

“फोन ठेव रे तो. घरी आलायस ना?” पान्ह्याने त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि सरळ कपाटात घातला.

“घ्या! तुमचाही गेला आत,” बायको म्हणाली.

हिरो खुर्चीत टेकला. “मला एक सांगायचं होतं...”

“सांगशील रे. आधी त्या नव्या बसच्या गिअरबॉक्सचं ऐक.”

ज्या माणसाशी तो एरवी एक शब्द धड बोलत नसे, त्याच्याशी तो गिअरबॉक्सवर बोलला, क्लचवर बोलला, ब्रेक ऑइलवर बोलला. हिरोने जांभया दिल्या. दोनदा उठला, दोनदा पान्ह्याने खांदा दाबून खाली बसवला. चहा झाला, पुन्हा चहा झाला. पान्ह्याची नजर घड्याळावरून हिरोवर आणि हिरोवरून बायकोवर फिरत होती. मध्येच ती हिरोच्या कशाला तरी खळखळून हसली. आज त्याला काही वाटलं नाही. हसा म्हणावं, किती हसायचं ते.

सहा वाजले. पान्ह्याने ऐटीत कपाट उघडलं आणि दोन्ही फोन टेबलावर ठेवले.

“हं, आता बोल.”

“आता काय बोलायचं? मी सकाळी उठल्या उठल्या मत देऊन टाकलं. तुला.”

“मला?”

“मग! मला पुरे झालं आता हे. मंडळी ऐकेनात म्हणून उभा राहिलो. तू मन लावून करशील, तेच सांगायला आलो होतो. पण तू तर गिअरबॉक्सच काढलास.”

तेवढ्यात तिन्ही फोन एकदम वाजले. निकाल लागला होता. एक्केचाळीस आणि एक्केचाळीस.

“बरोबरी? म्हणजे परत मीच?” हिरोने कपाळावर हात मारला.

पान्हा भडकला. एका मताने! बायकोचं मत त्याला, चक्क हिरोचंही त्याला, मग हातचं गेलं कसं? “कोण तो गाढव, ज्याला दिवसभरात एक अंगठा टेकवायला वेळ झाला नाही? उद्या डेपोत त्याची वरात काढतो की नाही बघा!”

तो तावातावाने फोनवर सभासदांच्या चौकटी सरकवू लागला. हिरवी चौकट, पुन्हा हिरवी. हिरो तिरक्या टोपीत, हिरवा. बायको, हिरवी.

अगदी खाली एक चौकट करडी होती. फोटोतल्या माणसाच्या खांद्यावर बाईची चार बोटं होती.