पिठातली अक्षरं

परातीत पीठ पसरून मृदुलानं बोटानं लिहिलं, 'एक दिवस निघून जाईन.' छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

मनातलं लिहून काढा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण नवरा उशांचे अभ्रेसुद्धा उलटून बघायचा. घरात वही लपवायची सोयच नव्हती. स्वयंपाकघरात मात्र तो फिरकत नसे. म्हणून ती रोज पिठात लिहायची आणि पाणी घालून सगळं मळून टाकायची. त्याच पोळ्या तो चवीनं खायचा.

बेल वाजली. कुरिअर घेऊन ती दारातून परतली.

तिच्या अक्षरांखाली दुसऱ्या बोटानं लिहिलेलं होतं, 'कुठे जाशील?'

नवरा सिंकपाशी सावकाश हात धूत होता.

"मळ आता," तो म्हणाला, "भूक लागलीय."