पुढं खेळणारा

भावसिंगचा नंबर आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

निजामाचं राज्य जाऊन दोन महिने झाले होते. निजामाच्या पोलिसात ज्यांची ज्यांची नावं होती, त्या सगळ्यांना हिंगोलीतल्या भारतीय फौजेच्या छावणीत हजर व्हायचा हुकूम होता. रझाकारांना ज्यांनी साथ दिली असं ठरे, त्यांना तिथूनच ट्रकमध्ये घालून तुरुंगात नेत. भावसिंग कळमनुरीच्या वाटेवरच्या तांड्यातून लंगडत आला होता. बायको रूपाबाई बाहेर लिंबाखाली बसून होती.

"पुलिस में क्या काम था?" कॅप्टननं विचारलं.

"फुटबॉल."

शेजारचा कारकून हसला. कॅप्टन हसला नाही. "बंदूक?"

"हातात धरली न्हाई, साहेब. शिपाई निस्ता कागदावर. खेळणारा ठेवायचा तर त्याला काही तरी म्हणावं लागते. पहिले हैदराबादेत पलटणीकडून खेळलो. मग नांदेडात मिलकडून. मग एका जहागीरदाराकडून, मग पोलिसाकडून. ज्यानं बोलावलं त्याच्याकडून. पंधरा वर्षं. फॉरवर्ड होतो. पुढं राहून गोल मारायचा."

"मग सोडलं काहून?" कारकुनानं विचारलं.

"गुडघा गेला. दोन साल झाले. त्याच दिवशी घरी धाडलं. नाव तेवढं काटायचं राहिलं वाटते."

"कोई पहचानता है?"

भावसिंगनं कॅप्टनच्या डाव्या हाताला बसलेल्या माणसाकडं पाहिलं. ते व्यंकटराव होते, हिंगोलीचे मोठे जमीनदार. इलाख्यातली माणसं ओळखून द्यायला कॅप्टननं त्यांना बसवलं होतं. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी होती. दसऱ्याच्या सामन्यांना भावसिंगला तीन वर्षं त्यांनीच बोलावलं होतं. तिन्ही वर्षं हिंगोली जिंकली होती.

"हे वळखतात," भावसिंग म्हणाला.

व्यंकटरावांनी चष्मा पुसला. "दसऱ्याला लई जण खेळून गेले, साहेब. ध्यानात न्हाई."

"मालक, तुमीच छकडा धाडला होता तांड्यावर. हार घातला होता."

"ध्यानात न्हाई म्हनलं ना!"

कॅप्टननं भावसिंगचे पाय निरखले. मग एका जवानाला बॉल आणायला लावला आणि दुसऱ्याला गोलात उभं केलं.

"तीन बार मारो. खिलाडी होगे तो दिख जाएगा."

पहिल्याच फटक्याला गुडघा दुमडला. भावसिंग तोंडावर पडला आणि बॉल गोलकीपरच्या पायाशी सरपटत गेला. रांगेतले लोक हसले. त्यांतल्या काहींना आपलंही काय होणार ते ठाऊक नव्हतं, तरी हसले. दुसरा फटका त्यानं डाव्या पायानं मारला. तो खांबाच्या हातभर बाहेरून गेला.

भावसिंगनं पटका सोडला, गुडघ्याला करकचून आवळला. लिंबाकडं बघायचं टाळलं. मग तो बॉलपाशी गेला, उजव्या कोपऱ्याकडं टक लावून पाहिलं, दोन पावलं घेतली आणि अनवाणी पायानं डाव्या कोपऱ्यात मारला. गोलकीपर उजव्या कोपऱ्याकडं झुकलेला होता. तो हललासुद्धा नाही.

कॅप्टन पहिल्यांदा हसला. "इतवार को शहरवालों से मैच है. हमारी तरफ से खेलोगे."

"गुडघ्यात दम न्हाई, साहेब. आत्ताच पाहिलं तुमी."

"तो फिर सिपाही थे?" कॅप्टननं कागद पुन्हा पुढ्यात ओढला. दूर ट्रकचं इंजिन सुरूच होतं.

"खेळतो," भावसिंग म्हणाला.

रविवारी मैदानाभोवती सगळी हिंगोली लोटली होती. एका बाजूला गावातली अनवाणी पोरं, दुसऱ्या बाजूला बुटातले जवान आणि त्यांच्यात एकटा अनवाणी भावसिंग. तो बॉलपाशी गेला की लोक ओरडत, "निजामाचा कुत्रा!" दसऱ्याला त्याला खांद्यावर घेऊन नाचलेले त्यात होते. एकदोघांना त्यानं नावानिशी ओळखलं.

खेळ संपत आला तरी कुणाचाच गोल झाला नव्हता. तेवढ्यात कॅप्टनचा लांब पास आला. भावसिंगनं तो छातीवर घेतला, जमिनीला टेकायच्या आत फिरून मारला. जाळी हलली. वळताना गुडघ्यात काहीतरी तुटलं, तेही त्याला ऐकू आलं. जवानांनी धावत येऊन कॅप्टनला उचललं. भावसिंग कोपरांवर रेटत रेषेबाहेर गेला. त्याच्या जागी दुसरा जवान उतरला.

तो पडला होता ती जागा पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या मागं होती. परभणीहून आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यानं विचारलं, "वह नंगे पैरवाला कौन था?"

"आपल्या हिंगोलीचाच हाय, साहेब," व्यंकटराव म्हणाले. "आमीच तयार केला."

सामना संपला. हवालदारानं येऊन कागदावरचं नाव काटल्याचं सांगितलं, भावसिंगच्या अंगातली जर्सी मागून घेतली, घामाची होती म्हणून दोन बोटांत धरून नेली. लोक पांगल्यावर रूपाबाई मैदानात आली. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. तिनं ओढणी फाडली आणि बांधायला बसली. खेळातलं तिला काही कळत नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याचा खेळ आज पहिल्यांदा पाहिला होता, तोही लोकांच्या पाठीमागून.

"आपले जिंकले का?" तिनं विचारलं.

भावसिंगनं रिकाम्या मैदानाकडं पाहिलं.

"आपले," तो म्हणाला, "कोन्ते होते?"