पाडलेल्या बाजाराची पोस्टकार्डं

सायगॉनमधल्या एका गल्लीतल्या सरकारी भोंग्यानं सकाळीच जाहीर केलं की पाडलेल्या बाजाराची पोस्टकार्डं विकणं न्हानआजींनी स्वखुशीनं थांबवलं आहे. आजींनी हे ऐकलंच नाही असं दाखवून नेहमीसारखी कार्डं दोरीला चिमट्यांनी टांगली. वॉर्डाचा अधिकारी न्यिएम धापा टाकत आला. “आजी, भोंगा ऐकला नाहीत?” “कोंबडा ऐकला.” “पर्यटक तुमचं कार्ड घेऊन बाजार शोधतात आणि सापडला नाही की माझं डोकं खातात. कार्ड शहराशी जुळत नाही. सगळी जप्त करतोय.” “चाळीस वर्षं त्या बाजारात बसले, पोरा. आता तो एवढाच उरलाय.” अर्ज आला तर तो निकाली निघेपर्यंत जप्ती थांबते, हे आजींना ठाऊक होतं. त्यांनी एक कार्ड उलटवून सावकाश लिहिलं: “कार्ड बरोबर आहे. तरी शहर कार्डाप्रमाणे दुरुस्त करून मिळावे, ही नम्र विनंती.”