डावा पंख

उपग्रह-तपासणी केंद्रात एक रीत होती. निकामी ठरलेला उपग्रह समुद्रात उतरवण्याआधी, तो जोडणाऱ्या माणसाला त्याचं शेवटचं दर्शन घडवायचं. म्हणून रडार तपासणारी सुमेधा आज निवृत्त तंत्रज्ञ वामनराव हुद्दारांना घेऊन पडद्यासमोर बसली होती. रडारच्या चित्रात दोन्ही सौरपंख पसरलेला उपग्रह हळूहळू वळत होता.

“काका, डावा पंख वाकलाय. काहीतरी आदळलं असणार. कधीही तुटेल, म्हणून दुपारी उतरवतोय.”

वामनराव पडद्याच्या अगदी जवळ गेले.

“आदळलं कसलं! जोडताना माझं कोपर लागलं होतं. उड्डाण दोन दिवसांवर आलेलं, भीतीने कुणाला बोललोच नाही. इतकं बारीक दाखवणारं रडार तेव्हा कुठे होतं?”

“म्हणजे एकवीस वर्षं हा असाच फिरतोय?”

“असाच. पंख नीट उघडल्याचं कळेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता.” ते तिच्याकडे वळले. “आता लिही बाई, चूक हुद्दारांची म्हणून.”

सुमेधाने आधी उतरवण्याचा आदेश थांबवला. मग अहवालातला ‘इजा’ हा शब्द खोडून तिथे लिहिलं, ‘जन्मखूण’.