सासरेबुवांचा टर्बो

"धनेशराव, टॉर्च जरा इकडे धरा," जीपच्या पोटाखालून सासऱ्यांचा, शामकांतांचा आवाज आला.

धनेशने टॉर्च इकडे धरला. हा चौथा रविवार. लिम मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये पंखा होता, पण तो लिमच्या टेबलाकडे तोंड करून. धनेशच्या पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या आणि डोळ्यांदेखत त्याच्या जीपची आतडी फरशीवर काढून ठेवली होती.

जीप कसली, सत्त्याण्णव सालचा, सतरा वर्षांचा खटाराच तो. पण पुण्याहून सिंगापूरला आल्यावर धनेशने केलेली पहिली चैन तीच. लग्न झाल्यावर अनुजाला घेऊन तो हिच्यातूनच मलेशियाच्या चिखलात जाऊन रुतला होता, आणि चार तास दोघं नुसती हसत होती. या देशात एकदा गाडी भंगारात गेली की दुसरीचं नाव काढायची सोय नाही; गाडीपेक्षा ती ठेवायचा परवाना महाग. म्हणून धनेश तिला जिवापाड जपायचा.

आणि हे टर्बोचं खूळ निघालं तेही त्याच्याच तोंडून, आता काय करणार! सासरे आले त्या दिवशी विमानतळावरून पुंगोलला घरी येताना उड्डाणपुलाच्या चढावर जीप धापा टाकायला लागली. शेजारी चौतीस वर्षं जहाजांवर काढलेला चीफ इंजिनिअर बसलेला, तोही गप्प. बोलायला काहीतरी हवं म्हणून धनेश म्हणाला, "हिला एक टर्बो असता ना बाबा, तर उडाली असती बघा."

शामकांतांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "बसवायचाय?"

"वा! तुम्ही बसवणार असाल तर आणखी काय हवं!" जावई बोलून गेला.

आठवड्याभरात शामकांतांनी ऑनलाइन एक स्वस्तातलं किट शोधून काढलं. धनेशचा चेहरा पडला. तो स्वयंपाकघरात अनुजाच्या मागे मागे फिरू लागला.

"अगं, परवानगी न घेता असला बदल केला तर तपासणीत नापास होते गाडी. आणि म्हाताऱ्या इंजिनाला टर्बोचा दाब सोसणार आहे का? तू सांग ना बाबांना."

"मी? अरे, रिटायर झाल्यापासून बाबा नुसते खिडकीत बसून असतात. आई म्हणते, घरात दिवसभर एक शब्द नाही. आता कुठे हातात पाना आलाय. त्यांचा जीव इंजिनात आहे रे. मन नको मोडूस त्यांचं."

झालं! सासऱ्यांचं मन मोडायचं नाही, म्हणजे जीप मोडायची.

काम मात्र शामकांत मन लावून करत. एक अक्षर बोलत नसत. इंजिन सुरू केलं की डोळे मिटून उभे राहत. घरी आले की अर्धा अर्धा तास साबणाने हात घासत बसत. परतीचं तिकीटही त्यांनी दोनदा पुढे ढकललं.

एकदा फक्त, एक्झॉस्टचा पाइप कापण्याआधी, ते थांबले. "एकदा कापला की मागे फिरता येणार नाही, बरं का. करू ना?"

'नको' हा शब्द धनेशच्या ओठांवर आला होता. पण समोर बासष्ट वर्षांचा माणूस, कोपरापर्यंत काळा झालेला. "करा की बाबा! आता कसलं थांबताय!"

शामकांतांनी मान हलवली आणि करवत उचलली.

लिम हे सगळं बघत होता. तो धनेशला बाजूला घेऊन आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "अंकल व्हेरी स्टेडी लाह. बट धिस एंजिन टू ओल्ड. शुअर डाय वन."

"आय नो."

"देन व्हाय यू डू?"

सासरा म्हणजे काय, हे लिमला कुठल्या इंग्रजीत सांगायचं?

सहाव्या रविवारी जीप बाहेर काढली. धनेश चालवत होता, शामकांत शेजारी. गॅरेजमागच्या चढावर जीप खरंच उडाली. धनेश स्वतःला विसरून ओरडला, "अरे वा!" आणि त्याच क्षणी खालून खणखण आवाज आला, पांढऱ्या धुराने रस्ता भरला आणि जीप जागच्या जागी थांबली.

जीप ओढून गॅरेजमध्ये आणल्यावर लिमने इंजिन उघडलं. पिस्टनला रुपयाएवढं भोक पडलं होतं. "फिनिश," तो म्हणाला. धनेश हात धुवायच्या निमित्ताने मागे गेला आणि नळ सोडून चांगली पाच मिनिटं रडला.

टॅक्सीत शामकांत बाहेर बघत बसले होते. धनेशला वाटलं, चौतीस वर्षांचं नाव आणि आज हे असं! म्हातारा आतून पार खचला असणार. घराचं दार उघडता उघडता तो म्हणाला,

"बाबा, मनाला लावून घेऊ नका. मी दुसरं इंजिन बघतो. आपण पुन्हा बसवू टर्बो. तुम्ही आणखी थोडे दिवस राहा, बस्स."

शामकांत त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले. ते खोलीत गेले. धनेशला वाटलं, चला, जीप गेली पण माणसाला तरी धीर दिला आपण.

थोड्या वेळाने तो चहा घेऊन गेला. दार अर्धवट उघडं होतं. शामकांत फोनवर सासूबाईंशी बोलत होते, अगदी हळू आवाजात.

"नाही गं मीनाक्षी, इतक्यात नाही येता येत. आज इंजिन फुटलं तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. पण जावईबापू आता दुसरं इंजिन आणतायत. हो गं, माहितीये मला, जहाज सोडलं तेव्हाच शपथ घेतली होती की पुन्हा पान्याला हात लावणार नाही. तेलाचा वाससुद्धा नको वाटतो, अर्धा अर्धा तास हात घासत बसतो. पण लेकीचा नवरा पडला तो, त्याची एवढी हौस, नाही कसं म्हणायचं?"