दिगूचा विचार

बॉयलर फुटून मेलेल्या अकरा कामगारांच्या घरच्यांना कारखान्याने दवाखान्यात बोलावलं होतं. मानेवर पट्टी लावायची, पंधरा मिनिटं बसायचं, की गेलेल्याचा विचार डोक्यात घोळायचा बंद.

"आठवण जात नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "अर्धवट राहिलेल्या गोष्टीकडे मन सारखं धावतं. तेवढंच थांबतं."

"मग अर्धवट राहिलंय ते पुरं करा की," कलावती म्हणाली. "गळका बॉयलर माझ्या दिगूला कुणी चालवायला लावला, त्याचं नाव सांगा. माझं डोकं आपोआप गप बसेल."

"ते आमच्या हातात नाही."

"पट्टी बरी आहे हातात."

शेजारी सून बसली होती. तीन महिने झोप नव्हती म्हणून तिने आधीच पट्टी लावून घेतली होती. कलावतीने तिला हलवलं. "शेवंते, सोमवारी कारखान्याच्या गेटवर धरणं धरून बसायचंय ना?"

"कशाला, आत्या? हे गेले. आता काय परत येणारेत?"

हेच मॅनेजर बोलला होता, तेव्हा शेवंताने भर गेटवर त्याच्या थोबाडात मारली होती.

कलावतीने डॉक्टरांची पट्टी त्यांच्याच टेबलावर चिकटवली आणि उठली. सोमवारी तिला आता दिगूबरोबर शेवंताचाही जाब विचारायचा होता.